तिसऱ्या सिलिंडरची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण टेबलावर बसून चित्रं दाखवणारा नव्हे. मी गाडीत राहतो. पाठ्यपुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा चपटा डबा, एका बाजूला पिनांची दाट रांग आणि आत बारीक भागांनी गच्च भरलेली हिरवी पाटी, एवढाच माझा देह. इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं आणि कोणत्या सिलिंडरात ठिणगी कधी पाडायची, हे मी ठरवतो. चावी फिरवून तुम्ही म्हणता, "झाली सुरू." खरं म्हणजे तेव्हा मी होकार दिलेला असतो. हा थोडा बडेजाव झाला, ठाऊक आहे. पण आम्हाला कुणी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नसतं, त्यामुळे आमचं कौतुक आम्हालाच करावं लागतं.

मला वाचा नाही. माझ्याकडे फक्त एक दिवा आहे. चालकाच्या समोर, काट्यांच्या मधोमध, इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. काही बिघडलं की मी तो लावतो आणि काय बिघडलं ते एका आकड्यात माझ्यापाशी जपून ठेवतो. यंत्र जोडून कुणीतरी तो आकडा वाचावा आणि त्या जागी जाऊन बघावं, एवढीच माझी अपेक्षा असते. ती पुरी व्हायला मला एकदा मरावं लागलं आणि दुसऱ्यांदा मरणाच्या दारात जाऊन यावं लागलं.

माझी पहिली गाडी एका फिरत्या विक्रेत्याची होती. तो चष्म्याच्या काचा विकायचा. दिवसभर लोकांच्या नजरेची काळजी करणारा हा माणूस, पण समोरचा पिवळा दिवा काही त्याला बघवत नसे. पुढच्या काचेखालच्या पन्हळीत पाला साचला होता आणि पाणी थेंबाथेंबाने माझ्या पिनांवर उतरत होतं. मी दिवा लावला. काही दिवस तो कुरकुरला, मग त्याने काळी चिकटपट्टी कापली आणि दिव्यावर लावून टाकली. कडा बोटाने दाबूनसुद्धा घेतल्या. दिवा दिसेनासा झाला, त्यामुळे त्याच्या लेखी दुखणं संपलं. पट्टीच्या आड मी दिवा लावून बसून होतो. शेवटी एका सकाळी पाणी नको तिथे पोचलं, आत चर्रकन झालं आणि माझी शुद्ध हरपली. जाता जाता त्याचे शब्द तेवढे कानावर पडले, "ऐन वेळी दगा दिला मेल्याने."

पुन्हा शुद्धीवर आलो तेव्हा मी एका दुरुस्तीच्या कारखान्यात लांब टेबलावर उघडा पडलो होतो आणि एक बाई डोळ्याला भिंग लावून माझ्यावर ओणवी झाली होती. तिथले लोक तिला डाखवाली म्हणत. जळालेले भाग तापत्या सळईने उपटायचे, नवे बसवायचे आणि डाख देऊन पक्के करायचे, हे तिचं काम. माझ्या पिनांवरचा हिरवा गंज तिने ब्रशाने घासून काढला. ठिणगीचे हुकूम पुढे पाठवणारे माझे चारही भाग तिने बदलले. मग मला भट्टीसारख्या पेटीत भाजलं, बर्फासारख्या पेटीत गारठवलं आणि खोट्या इंजिनाला जोडून धावायला लावलं. मी पास झालो, मित्रांनो. तिने माझ्या पाठीवर 'पुनर्निर्मित' असा शिक्का मारला तेव्हा मला रडू आलं असतं, पण आमच्यात पाण्याला बंदी आहे.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तिला विचारलं, "काय गं, एवढं जीव लावून करतेस, त्यातले निम्मे परत जळून येतात की."

ती मान वर न करता म्हणाली, "डबा कसा जळला ते मला डब्यात दिसतं. कशामुळे जळला ते गाडीतच राहतं ना. तिथं कुणी बघितलं नाही, तर येणारच परत."

खोक्याच्या झाकणावर तिने लाल पट्टी चिकटवली. तिच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: आधीचा कशाने गेला ते शोधल्याशिवाय हा बसवू नका. पट्टी अगदी झाकणाच्या फटीवर होती. त्यामुळे खोकं उघडणारा माणूस पहिलं काम करतो ते ती मधोमध कापण्याचं.

तसंच झालं. ज्या गॅरेजात मी पोचलो तिथल्या मिस्त्रींच्या मेहुण्याने ब्लेड फिरवलं आणि पट्टीचे दोन तुकडे टायरांच्या राशीत जाऊन पडले. मिस्त्री मनाने चांगले होते. हात काळे, बोलणं गोड आणि डोक्यावर कायम तीन गाड्यांची घाई. समोर एक लहानशी राखाडी गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिच्यातून काढलेला माझ्याआधीचा संगणक बाकावर पालथा पडला होता आणि त्याला जळका वास येत होता. एखाद्याच्या खाटेवर झोपायला सांगावं आणि तो त्याच खाटेवर कसा गेला ते कुणी सांगू नये, तशी माझी अवस्था झाली.

गाडीची मालकीण शेजारी हाताची घडी घालून उभी होती. ती गाडी चालवायला शिकवायची. निम्मं गाव तिचा ओरडा खातच क्लच हळू सोडायला शिकलं होतं. सोबत तिचा धाकटा भाऊ स्टुलावर बसला होता. चाळिशी ओलांडली तरी घरात तो बारक्याच होता. छापखान्यात मजकूर तपासायचं काम करायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत तो दिवस ढकलत होता आणि मेलेल्या कुणाची तरी किडनी मिळण्याच्या रांगेत होता. इस्पितळाने सांगून ठेवलं होतं की फोन कधीही येईल, आणि आला की लगेच निघायचं. वेळेत पोचला नाहीत, तर किडनी रांगेतल्या पुढच्याला जाईल. त्यांच्या भागात बोलावलेली गाडी येईलच याचा भरवसा नव्हता. म्हणून ही राखाडी गाडी कायम तयार हवी होती, आणि नेमकी तीच रस्त्यात मेली होती.

"मिस्त्री, मला आज संध्याकाळपर्यंत गाडी हवी म्हणजे हवी," ताई म्हणाली. "आणि हा नवा आहे ना?"

"रिकंडिशन आहे मॅडम. नव्यासारखाच."

"म्हणजे जुना."

"ताई, असू दे की," बारक्या म्हणाला. "मलाही वापरलेलीच मिळणारे."

ताईने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर स्टुलासकट मागे सरकला असता. मिस्त्री मात्र हसले. मग बारक्याने विचारलं, "पण मिस्त्री, आधीचा गेला कशाने?"

"वय झालं हो. इलेक्ट्रिकच्या वस्तूचं काही सांगता येत नाही."

"माझे डॉक्टर असं म्हणाले असते, तर मी पळून गेलो असतो. नवी किडनी बसवायच्या आधी जुन्या का गेल्या ते शोधण्यात त्यांनी माझं निम्मं रक्त काढलं."

"तू बोलूच नकोस," ताई म्हणाली. "पाय सुजले तेव्हा काय केलंस? बुटाच्या नाड्या सैल केल्यास. मला सांगितलंस का? मिस्त्री, तुम्ही बसवा. याचं ऐकत बसाल तर उद्याची सकाळ होईल."

प्रश्न तिथेच विरला. मी मात्र तो घट्ट धरून ठेवला.

मला कोनाड्यात बसवलं, स्क्रू आवळले, तारांचं जाड तोंड माझ्या पिनांवर दाबलं. मेहुण्याने यंत्र जोडून मला त्यांची चावी ओळखायला शिकवलं. पहिल्या फेरीत इंजिन नुसतंच कण्हलं. दुसऱ्या फेरीत मी होकार दिला आणि चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. सगळ्यांचे चेहरे खुलले. माझा आनंद जेमतेम इंजिन तापेपर्यंत टिकला.

प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगी तयार करणारी एक कॉइल असते आणि तिला हुकूम माझ्याकडून जातो. तीन कॉइली शहाण्यासारख्या वागत होत्या. तिसरी मात्र गरम होताच माझ्याकडून हक्कापेक्षा जास्त वीज ओढू लागली. तिला हुकूम पाठवणारा माझा भाग चटका बसल्यासारखा तापला. क्षणात मला कळलं की माझ्याआधीचा इथेच, याच तारेने जळाला. मी जिवाच्या आकांताने दिवा लावला.

मेहुण्याने यंत्र जोडलं. "दाजी, तिसऱ्या सिलिंडरची तक्रार सांगतोय."

मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "रिकंडिशन आहे ना, जुन्या गाडीतलं काहीतरी डोक्यात राहिलं असेल त्याच्या. पुसून टाक."

मेहुण्याने पुसलं. मी पुन्हा लावला, त्याने पुन्हा पुसलं. मग इंजिन गार झालं, कॉइल निवली आणि मलाही गप्प बसावं लागलं. मित्रांनो, खोटं ठरवलं जाण्याचं दुःख तुम्हाला माहीत असेल. पण तू एकदा जळून आलेला आहेस, म्हणून तुझं खरं धरायचं नाही, हे ऐकलं तेव्हा मला पहिल्या गाडीतली ती चिकटपट्टी बरी वाटली. पट्टी निदान नुसती आंधळी होती.

गाडी देताना मिस्त्रींनी ताईला सांगितलं, "कधी पिवळा दिवा लागलाच तर घाबरू नका. जुन्या आठवणी आहेत, आम्ही पुसल्यात." ताईने मान डोलावली आणि गाडी घरी नेली. घर जवळ होतं. इंजिन पुरतं तापायच्या आत पोचलो.

पुढचे काही दिवस ती भाजीला, शिकवणीला जवळपासच गाडी नेत होती. बारक्याचं यंत्रावरचं शुद्धीकरणही गावातल्याच दवाखान्यात होतं. प्रत्येक वेळी इंजिन कोमट होऊ लागलं की माझं सगळं लक्ष तिसऱ्या तारेवर खिळायचं. तेवढ्यात घर यायचं आणि चावी बंद व्हायची. मोठं इस्पितळ मात्र लांब होतं, नदीवरच्या लांबलचक चढत्या पुलापलीकडे. फोन येऊ नये असं मला वाटायचं. फोन म्हणजे त्या माणसाचं आयुष्य, हे कळत असूनही वाटायचं.

फोन दुपारी आला. ताईच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज आधी ऐकू आला, मग तिचा. "काही खाल्लंस का? ठेव ते बिस्किट. ठेव म्हणते ना." दाराशी कधीपासून भरून ठेवलेली पिशवी मागच्या सीटवर येऊन आदळली. बारक्या शेजारी बसला. ताईनेच त्याचा पट्टा लावून दिला. तिने चावी फिरवली. मी होकार दिला. दुसरं काय करणार?

गाव संपेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर इंजिन तापलं आणि तिसरी कॉइल पहिल्यापेक्षा वाईट ओढू लागली. मी दिवा लावला.

"ताई, दिवा."

"माहितीये. मिस्त्री म्हणाले, जुन्या आठवणी आहेत. पुसल्यात त्यांनी."

बारक्याने दिव्याकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे कुणी चुकीवरची खूण पुसून पान पुढं पाठवलं, तर चूक छापून येते गं."

पूल दिसू लागला होता आणि पुलाआधी गाड्यांची रांग लागली होती. थांबत, सरकत, पुन्हा थांबत आम्ही चढाला लागलो. उन्हाने बॉनेट तापलं होतं. डाखवालीने बसवलेला माझा तिसरा भाग आता इतका गरम झाला होता की त्याच्याखालचा डाख मऊ पडू लागला. तो वितळला की मी संपलो, आणि मी संपलो की गाडी पुलाच्या मध्यावर दगड होऊन पडणार. मागे गाड्या, पुढे गाड्या, खाली नदी. तिथून त्या आजारी माणसाने जायचं कसं?

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. चारही सिलिंडर झोकात चालवत ठेवायचे आणि कुठल्याही क्षणी जळायचं, किंवा तिसऱ्याला सोडून द्यायचं. मी तिसऱ्याची ठिणगी बंद केली, पेट्रोलही तोडलं. गाडीला हिसका बसला. इंजिन गचके देऊ लागलं, आरसे थरथरले, वेग निम्म्यावर आला. दिवा मी आता लुकलुकता ठेवला, म्हणजे गंभीर आहे हे कळावं.

ताईचा हात चावीकडे गेला. गाडी विचित्र वागली की कडेला घ्या, बंद करा, परत सुरू करून बघा, हे ती आयुष्यभर शिकवत आली होती. पण चावी बंद झाली की माझा निर्णयही पुसला जाणार होता. पुन्हा सुरू होताना मला तिसरी कॉइल पहिल्यापासून तपासावी लागते, आणि तो एक झटका माझ्या मऊ पडलेल्या डाखाला पुरेसा होता. मी ओरडू शकत नव्हतो. लुकलुकत राहिलो.

"एकदा बंद करून बघते," ती म्हणाली.

"नको." बारक्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. "चालतीये ना? लंगडत का होईना, चालतीये. बंद झाली आणि उठलीच नाही, तर?"

"अरे, इंजिन तुटेल."

"तुटू दे. पलीकडे जाऊन तुटू दे."

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. तिचा हात चावीवरच होता. मी मोजत होतो, माझा भाग किती तापला, किती निवला. मग तिने हात काढला, गियर खाली घेतला, धोक्याचे दिवे लावले आणि डावी कड धरली.

"वाजव बाबा वाजव," ती आरशात बघत म्हणाली. "तुझ्या भोंग्याने माझं इंजिन दुरुस्त होत असेल तर वाजव." तिचा आवाज रडवेला होता, पण तिचा पाय अगदी स्थिर होता. इतक्या हळुवार पायाखाली मी त्याआधी कधी चाललो नव्हतो. आम्ही तीन सिलिंडरांवर तो चढ चढलो. सगळ्या गाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या आणि काही जणांनी काचेतून हात नाचवले. बारक्या सगळा वेळ लुकलुकत्या दिव्याकडे बघत होता. उताराला लागल्यावर माझा डाख जरा घट्ट झाला.

इस्पितळाच्या दारात माणसं वाटच बघत होती. उतरताना बारक्याने समोरच्या फळीवर थाप मारली. "आणलंस रे," तो म्हणाला, आणि चाकांच्या खुर्चीत बसून आत गेला. ताईने गाडी कडेला लावली आणि मग चावी बंद केली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून ती बराच वेळ रडली.

ताईने फोन करून बोलावल्यावर संध्याकाळी मिस्त्री सामान घेऊन स्कूटरवरून इस्पितळात आले. तिने चावी पुढे केली, पण त्यांनी घेतली नाही. "आधी बघू द्या," म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं आणि तिसरी कॉइल उपसून काढली. ती तेलाने माखली होती. इंजिनाच्या झाकणाखालचं रबर कडक होऊन चिरलं होतं. तेल गळून कॉइलच्या खळग्यात साचलं होतं आणि तिचं आवरण फुगून फाटलं होतं. मिस्त्रींनी ती ताईपुढे धरली.

"मॅडम, या संगणकाने दोनदा सांगितलं होतं. मी दोनदा पुसायला लावलं. तुमच्या भावाने तर तोंडावर विचारलं होतं."

"घाई मी केली," ताई म्हणाली.

"घाई सगळेच करतात. नको म्हणणं माझं काम होतं." त्यांनी रबर बदललं, खळगा पुसून कोरडा केला, नवी कॉइल बसवली. मला बाहेर काढून, उघडून, तिसऱ्या भागाचा डाख तपासला. एवढं झाल्यावरच जुना आकडा पुसला. त्या पुसण्याचा मला मुळीच राग आला नाही.

बारक्याला किडनी मिळाली. तो घरी आला, चालू लागला, पुन्हा छापखान्यात जाऊ लागला. चावी फिरवली की माझा दिवा क्षणभर लागतो आणि सगळं ठीक असेल तर विझतो. तो विझेपर्यंत ताई आता गियरला हात लावत नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपवता आली असती, पण खरी गोष्ट पुढे आहे. एका सकाळी ताई शिकवणीला निघाली होती. बारक्या दारात उभा होता. गाडी सुरू झाली, दिवा लागला, विझला. तो तसाच उभा राहिला. मग गाडीजवळ येऊन काचेवर टकटक केलं.

"ताई, काही नसेल बहुतेक. पण मला कालपासून कणकण वाटतीये. आणि पाय जरा जड झालेत."

हाच तो माणूस, ज्याने एकदा बुटाच्या नाड्या सैल केल्या होत्या. ताईने लगेच पलीकडचं दार उघडलं. त्या पुलावर मी चारही सिलिंडर असे पळवले की गचका म्हणून बसला नाही. डॉक्टरांनी तपासलं. शरीर नव्या किडनीशी भांडू लागलं होतं. भांडण नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून औषधाने मिटलं. "आणखी आठवडाभर अंगावर काढलं असतं, तर गेली असती," असं डॉक्टर म्हणाल्याचं ताईने परतताना गाडीत दोनदा बोलून दाखवलं.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरात, गाडीत, एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी असा पिवळा दिवा लागलेला दिसेल. तो त्रास देतो, मान्य आहे. पण तो झाकू नका आणि घाईने पुसूही नका. थोडं थांबा आणि काय झालं ते विचारा. सांगणारा जुना असेल, एकदा जळून आलेला असेल, तरी त्याचं ऐकून घ्या.

त्या वेळी इस्पितळातून परतताना बारक्या झोपला होता. पुलावर ताईने वेग जरा कमी केला, समोरच्या काट्यांकडे बघितलं आणि माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. "काही असलं तर सांग हं," ती म्हणाली. सांगण्यासारखं काही नव्हतं. मी दिवा बंदच ठेवला.